कागद कुठे आहे?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. 'काका, मग आम्ही भांडलो कशासाठी?' एवढीच ओळ आणि खाली तो फोटो. तुमचे नगराध्यक्ष आणि परवापर्यंत ज्यांना तुम्ही भर चौकात टक्केवारीवाले म्हणत होतात ते गटनेते, दोघे एकाच हारात. इकडे तुझ्यावर शांतताभंगाची चॅप्टर केस, मामांनी बोलणं टाकलेलं, आणि तिकडे पेढे. धीरबीर देत बसत नाही, ते काम तुझी आई करेल.

पण 'यांच्याशी हातमिळवणी म्हणजे गद्दारी' हे जे तू लिहिलंयस ना, ते आधी खोड. नगराध्यक्ष थेट जनतेतून, तो तुमचा आला. सभागृहात बहुमत त्यांचं आलं. एकाच मतदारानं, एकाच दिवशी, एकाच खोलीत उभं राहून दोन्हीकडची बटणं दाबली. आता अर्थसंकल्प मंजूर व्हायचा तर सभागृहात, पाइपलाइनचा ठराव व्हायचा तर सभागृहात. बसणार नाही म्हणालात तर पाच वर्षं नुसती एकमेकांच्या विषयांवर हरकती घेत काढाल. लोकांनीच तुम्हाला एका बाकावर बसवलंय. तेव्हा बसायचं की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी संपला.

माझा प्रश्न वेगळा आहे. कशाच्या बदल्यात काय ठरलं, याचा कागद कुठे आहे?

हसू नकोस. तुझ्या तालुकाध्यक्षांना हा प्रश्न विचारलास तर तेही हसतील. 'राजकारणात शब्दावर चालतं' म्हणतील. मग २०१९ आठव. त्या फेब्रुवारीत मातोश्रीवर अमित शहा आणि उद्धव ठाकरे बंद दाराआड बोलले. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं, असं शिवसेना पुढे म्हणाली. असं काही ठरलंच नव्हतं, असं भाजप म्हणालं. कोण खरं, ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला: भाजप १०५, शिवसेना ५६. एकत्र मागितलेल्या मतांवर स्वच्छ बहुमत मिळालं, तरी सरकार बनलं नाही, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. एक ओळ लिहून, सह्या करून, पत्रकारांसमोर वाचली असती तर? दोन सख्खे भाऊ चार गुंठ्यांची वाटणी करतात तरी तलाठ्याकडे जातात. इथे महाराष्ट्र वाटायचा होता.

त्याच महिन्यातलं पुढचं बघ. २३ नोव्हेंबरला लोक चहा घेत होते तोवर राजभवनावर फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलाही होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ तारखेला न्यायालयानं सांगितलं: उद्या बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी दुपारी सरकारनं राजीनामा दिला. उघड्यावर या म्हटल्यावर जी जुळवाजुळव उभी राहू शकली नाही, तिला मी तडजोड म्हणत नाही. तू काय म्हणायचं ते म्हण.

त्यानंतर तीन पक्षांचं सरकार आलं. एका बाजूला शिवसेना, दुसऱ्या बाजूला काँग्रेस आणि राष्ट्रवादी, आयुष्यभर एकमेकांविरुद्ध लढलेले. पण त्यांनी २८ नोव्हेंबरला किमान समान कार्यक्रम छापून हातात दिला. शेतकऱ्यांना मदत, दहा रुपयांत जेवण, स्थानिकांना नोकऱ्यांत ८० टक्के. शिवभोजन थाळी २६ जानेवारीला सुरूसुद्धा झाली. आता तू म्हणशील, 'कागद होता, तरी २०२२ च्या जूनमध्ये पडलंच ना?' पडलं. कागदानं सरकार टिकतं असं मी कधी म्हणालो? पण त्या कागदावर बोट ठेवून एखादी म्हातारी विचारू शकत होती, थाळी मिळाली, ८० टक्क्यांचं काय? तिच्या हातात काहीतरी होतं. तुझ्या हातात काय आहे? तो हाराचा फोटो.

याच्या उलट २०१४. १९ ऑक्टोबरला मतमोजणी पुरती संपलीही नव्हती, तेवढ्यात राष्ट्रवादीनं भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला. भाजपचे १२२, बहुमताला तेवीस कमी. स्थिर सरकारसाठी, म्हणाले. तुला एक सांगून ठेवतो: न मागता आणि अटींशिवाय येणारा पाठिंबा दिसला की मला झोप लागत नाही. अट नाही म्हणजे हिशेब नाही. मग १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत ओरडत राहिले. कुणाचं मत कुठे पडलं, हे नावानिशी शोधायला गेलास तर सापडायचं नाही. आणि त्या दिवशी विरोधी पक्षनेते झालेले शिवसेनेचे एकनाथ शिंदे ५ डिसेंबरला त्याच सरकारात मंत्री! महिनासुद्धा झाला नव्हता. एकाही पक्षाला मी यातून सोडत नाही, हे ध्यानात ठेव. नाहीतर तुझे मित्र म्हणतील, काका अमक्याचे.

१९९९ तू पाहिलेलं नाहीस. सोनिया गांधींच्या विदेशी मूळाच्या मुद्द्यावर फुटून जूनमध्ये राष्ट्रवादी निघाली, आणि दोन्ही काँग्रेस गावोगाव समोरासमोर उभ्या राहिल्या. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, शिवसेना ६९, भाजप ५६. ऑक्टोबरात विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. ही जोडी पंधरा वर्षं सत्तेत राहिली, म्हणजे राज्य काही बुडालं नाही. पण ज्या मुद्द्यावर सोयरिकी मोडल्या होत्या तो मुद्दा कुठल्या कपाटात ठेवला, याचं उत्तर त्या घरांना मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

सगळंच वाईट नाही रे. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळानं एकमतानं केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, ७२ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी, आणि शहरातल्या पगारदारांच्या खिशातून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराला काम. आज कुणी असा कर सुचवून बघावा! दुष्काळावरून सरकारला फाडून खाणारे विरोधकही त्यात होते. पण ते सगळं सभागृहात झालं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आता माझं. तुझ्या वडिलांनी तुला सांगितलंच असेल की काकांच्या हट्टापायी गावाची पाण्याची टाकी लांबली. ऐक मग. आमच्या वेळी पालिका त्रिशंकू झाली. अकरा नगरसेवकांना सहलीला नेलं, समुद्रकाठी. मी गेलो नाही. ते परतले तेव्हा अध्यक्ष कोण, पाणीपुरवठा कोणाकडे, बांधकाम कोणाकडे, सगळं ठरलेलं. कुठे लिहिलंय, म्हटलं. खिशावर हात ठेवून एकजण म्हणाला, 'इथे.' विशेष सभेत मी उठून एवढंच मागितलं की ठरलेल्या अटी प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, घ्या. पीठासीन अधिकारी म्हणाले, हा विषय विषयपत्रिकेवर नाही. बरोबरच होतं त्यांचं. हात वर करायची वेळ आली, मी केला नाही. 'तटस्थ' म्हणून माझं एकट्याचं नाव आहे त्या प्रोसिडिंगमध्ये, नक्कल माझ्याकडे आहे. व्हिपची, म्हणजे पक्षादेशाची, भानगड तेव्हा पालिकेत नव्हती म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तिकीट कापलं.

टाकी लांबली ती दोघा सभापतींमध्ये जागेवरून जुंपली म्हणून. ठरलं काय होतं, हे दोघं दोन तऱ्हांनी सांगत होते. कागद असता तर त्यांना गप्प बसवता आलं असतं. पण गावात चर्चा काय, तर काकांनी अपशकुन केला! तुझी काकू अजून म्हणते, एक हात वर केला असता तर दहा वर्षं लोकांची कामं केली असती. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी घरी बसलो आणि हात वर करणाऱ्यांनी रस्ते केले, हेही खरं. तरी मी उद्या पुन्हा तटस्थच राहीन. यात माझा मोठेपणा नाही, मला दुसरं जमत नाही.

तुझं मात्र तसं होऊ देऊ नकोस. मी एकटा होतो, कुणाला विचारलं नव्हतं, थेट सभेत उठलो. तू आधी विचार. गुरुवारी बैठक आहे म्हणतोस ना? एकटा जाऊ नकोस, बूथवरचे पाच-सहाजण घे. घोषणा नको, राजीनाम्याची धमकी तर मुळीच नको, तुझ्या राजीनाम्याला कुणी घाबरत नाही. सरळ विचारायचं: त्यांना उपनगराध्यक्षपद आणि बांधकाम दिलं, त्या बदल्यात आपल्याला काय मिळालं? प्रचारात ज्या टेंडरवर आपण बोंब मारली त्याची चौकशी होणार की बारगळली? बारगळली असेल तर तसं लिहा. आणि दोन्हीकडच्या पोरांवर ज्या केसेस आहेत, त्यांचं काय? हे पहिलं कलम असलं पाहिजे. नेत्यांचा समेट झाला आणि पोरं तारखांना जात राहिली, असं मी फार वेळा पाहिलंय. समोरच्या पोरांच्या केसेसही धर त्यात, तीही तुझ्यासारखीच आहेत.

हे सगळं एका पानावर लिहा, दोन्ही गटनेत्यांच्या सह्या घ्या, आणि जिथे तुम्ही त्यांना टक्केवारीवाले म्हणालात त्याच चौकात दोघांनी उभं राहून वाचा. शिट्ट्या पडतील, पडू देत. नाही म्हणाले तर पक्ष सोडू नकोस, पण पेढा खाऊ नकोस. पुढच्या बैठकीत पुन्हा विचार. त्याच्या पुढच्या बैठकीतही. कंटाळून कुणीतरी लिहील.

मामांकडे बैठकीआधीच जाऊन ये. त्यांना पक्षाचं काही सांगू नकोस, त्यांच्या गुडघ्याची चौकशी कर. आणि बैठक झाली की फोन कर. नऊच्या आत, नंतर मी घेत नाही.

तुझा
काका