हायवेचा आवाज: आधी मोजा, ते पण रात्री, मग काचेचं बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचेच जुने दिवस डोळ्यासमोर आले. पुण्यातलं नऱ्हे, पाचवा मजला, बेडरूमच्या खिडकीतून बायपास दिसतो, बाळ रात्री दचकून उठतं, खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर म्हणतो, आहे त्याच सरकत्या (स्लायडिंग) खिडकीत डबल ग्लास बसवून देतो, आणि शेजारचे काका म्हणतात आधी तक्रार ठोका. आम्ही वारज्याला, त्याच कात्रज-देहूरोड बायपासच्या कडेला, सातव्या मजल्यावर. मी साउंड इंजिनिअर वगैरे नाही, पदरचे पैसे घालवून जे कळलं ते लिहितेय, पटलं तर घ्या.

पडदे, भिंतीला फोम, अंड्यांचे ट्रे यावर बोलत नाही. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा ट्रक अडत नाही.

तक्रारीचं आधी सांगते कारण माझं डोकं अजून तिथेच तापतं. नियम कागदावर छान आहेत. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५, आणि मर्यादेच्या १० किंवा जास्त वर गेलं की तक्रार करता येते. म्हणजे रात्री ५५ झाले की तुमची केस उभी राहते, आणि हायवेच्या तोंडावरच्या खिडकीत ५५ म्हणजे काहीच नाही. इतकं सरळ असताना आमचं काय झालं? एका ऑफिसने सांगितलं रस्ता आमचा नाही. दुसऱ्याने सांगितलं हॉर्नचं आमच्याकडे, टायरच्या आवाजाचं नाही. तिसऱ्या ऑफिसची माणसं (नाव घेत नाही) शेवटी मशीन घेऊन आली, आणि कधी, तर भर सकाळी अकराच्या पुढे. गेटजवळ, कंपाउंड वॉलच्या आतल्या बाजूला, वॉचमनच्या खुर्चीशेजारी ट्रायपॉड उभा केला. मी म्हटलं साहेब वर चला, खिडकीत लावा, रात्री या. तर म्हणे मॅडम, रात्रीची ड्युटी नसते. आता भिंतीमागे जमिनीवर मोजलं तर कमीच येणार ना, जिथून रस्ता दिसत नाही तिथेच भिंत आवाज अडवते, वरच्या मजल्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. वर रिपोर्टात खाली दुकानं आहेत म्हणून कमर्शियलची ६५ ची मर्यादा लावली आणि लिहून टाकलं, 'मर्यादेत'.

खरा तोटा पुढे झाला. नंतर जिथे जिथे अर्ज नेला तिथे तोच कागद समोर सरकवला, तपासणी झालीये म्हणे. सोसायटीतले पण म्हणायला लागले, सरकारी मशीन काय खोटं बोलतं का. अख्खा पावसाळा आणि दिवाळी त्यात गेली, आणि तोवर खिडकीला हात लावला नाही, कारण खिडकी बदलली तर केस कमजोर होईल असं आमच्या सासऱ्यांचं म्हणणं.

म्हणून अर्ज करणारच असाल तर पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहा की मोजणी रात्री १० नंतर हवी, बेडरूमच्या खिडकीशी हवी, आणि झोन कोणता धरला (निवासी की कमर्शियल), कशाच्या आधारावर, ते लेखी हवं. ऑलरेडी मोजून गेले असतील तर माहिती अधिकारात रीडिंगची शीट आणि मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मशीन बरोबर मोजतं का याची तपासणी झाल्याचा कागद) मागा. हॉर्नचा अर्ज वेगळा टाका, पोलिसांकडे. निवासी भागात रात्री हॉर्नला बंदीच आहे (इमर्जन्सी सोडून), आणि सरासरी काढली की हॉर्न त्यात विरघळून जातो, त्यामुळे एकत्र टाकलंत तर दोन्ही बुडतील. पण झोप त्या अर्जावर टांगून ठेवू नका, हे माझं स्पष्ट मत.

आता घरातलं. आयफोन असेल तर अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचं साउंड लेव्हल मीटर नावाचं अ‍ॅप फुकट आहे, अँड्रॉइडचे आकडे फोनगणिक बदलतात, पण तुलनेला चालतात. रात्री एकदा खिडकी उघडून, एकदा बंद करून, पलंगाशी उभं राहून दहा-पंधरा मिनिटांची सरासरी बघा. बंद करून फारसा फरक पडत नसेल तर दोष काचेचा नाही, फटींचा आहे. खिडकीचा फक्त १ टक्का भाग उघडा राहिला तरी २० डेसिबलच्या पुढे अडवणं होत नाही, मग काच कितीही भारी लावा. पंखा बंद करून उदबत्ती घ्या आणि दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे धरा, धूर आत वळतोय का बघा. मग खालच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं, फ्रेम आणि भिंतीमधली सांध, एसीच्या पाइपाचं भोक. आमच्याकडे ग्रॅनाइटच्या मागे नुसती पोकळी होती, वरून सिलिकॉन फिरवलेलं.

तुमच्या फॅब्रिकेटरचं मला पटत नाही. दोन सारख्या ५ एमएमच्या काचा आणि मधे १२ एमएम हवा, हे उन्हासाठी ठीक. पण नऱ्ह्याला कात्रजच्या नवीन बोगद्याकडे चढणारे ट्रक खालच्या गिअरमध्ये घरघरत जातात, तो जाड आवाज, २०० हर्ट्झच्या आसपासचा, असल्या काचेतून उलट सहज येतो. स्लायडिंग काढून रबरी गास्केटवाली, दाबून बंद होणारी ओपनेबल खिडकी आणि लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली) घ्या. नाहीतर बाहेरची आहे तशी ठेवून आतून दुसरी खिडकी, मधे निदान चार इंच हवा. आम्ही हे दुसरं केलं. घरघर गेली नाही, पण एअर ब्रेकचं फुस्स आणि टायरचा सरसराट बराच खाली बसला.

त्याआधी फुकटातलं करून बघा, मागच्या खोलीत झोपा. आमच्याकडे यावर वास्तूवरून महाभारत झालं, तो विषय नको.

आणि एक, बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथला झरोका किंवा एक्झॉस्ट आवाजासाठी अजिबात बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. बेडरूमला हवा मागच्या बाजूने मिळेल असं बघा. फॅब्रिकेटरकडून कोटेशनमध्ये सेक्शन (फ्रेमची पट्टी कोणती ते), काचेची जाडी आणि गास्केट लिहून घ्या, तोंडी नको, आणि इथे टाका, मी बघते.