केसपेपरवरून नजर वर येईपर्यंत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. ओपीडीत कॅमेरा लावून डॉक्टर आणि पेशंट एकमेकांशी कसे बोलतात ते पाहणार आहेस, याचा मला फार आनंद आहे. पण पहिल्याच पानावर तू गुणांचा तक्ता मांडला आहेस: नमस्कार केला का, नजर दिली का, समजलं का असं विचारलं का. तो तक्ता सध्या बाजूला ठेव. 'नजर दिली' या चौकटीत खूण केलीस, तर नजर नेमकी कधी दिली हे कुठेच उरत नाही. आणि सगळी गोष्ट त्या 'कधी'त आहे.

१९८० च्या दशकात ख्रिश्चन हीथ या समाजशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या खोलीतल्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या. डॉक्टर कागदात डोकं घालून बसले, की पेशंट बोलता बोलता अडखळतो, थांबतो, कधी हातवारे मोठे करतो. नजर वर आली, की अडलेलं वाक्य पुढे सरकतं. हे टेपवर ऐकलं तर पेशंट चाचरतोय एवढंच कळेल. चित्रफितीत दिसतं की तो ऐकणाऱ्याची वाट बघतोय. समजा, राधानगरीकडची एक बाई म्हणते, "डोस्कं दुखाय लागलंय... आनि त्ये..." डॉक्टर केसपेपरवर लिहितायत. ती थांबते. डॉक्टर न बघताच विचारतात, "ताप?" ती म्हणते, "न्हाई." ते 'त्ये' काय होतं, कुणालाच कळलं नाही. असा एकच मिनिटाचा तुकडा घे आणि कंटाळा येईपर्यंत बघ, मग आवाज बंद करून पुन्हा बघ.

१८ सेकंदांचा आकडा तू प्रस्तावनेत घातला आहेस. बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी १९८४ मध्ये डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी तपासल्या आणि पेशंटचं पहिलं बोलणं सरासरी तेवढ्यात तुटतं असं दाखवलं, ते बरोबर आहे. मला मात्र त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: पेशंट पहिल्यांदा सांगतो ती तक्रार सगळ्यात महत्त्वाची असेलच असं नाही. डॉक्टर पहिलीच तक्रार पकडून प्रश्न विचारत सुटले, तर खरी तक्रार पोटातच राहते, नाहीतर दारापाशी उठता उठता बाहेर पडते. म्हणून पेशंट उठल्याबरोबर रेकॉर्डिंग थांबवू नकोस.

आता आपल्या इकडचं. कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, चंदगडपासून शाहूवाडीपर्यंतचा पेशंट येतो, निपाणीकडचाही येतो, आणि एकटा क्वचितच येतो. सुनेच्या दुखण्याबद्दल सासू बोलते, बापाच्या दम्याबद्दल पोरगा. डॉक्टरांनी सुनेकडे बघून विचारलं तरी उत्तर सासूकडून येतं, आणि सून आधी सासूकडे बघते. दोनच माणसं धरून कॅमेरा लावलास तर हे सगळं चौकटीबाहेर जाईल. तिघांचेही चेहरे आणि टेबलावरचा केसपेपर एका चौकटीत बसेल अशी जागा शोध. तपासणीच्या पडद्याकडे कॅमेरा अजिबात नको. बोलणं उतरवताना माणूस बोलला तसंच उतरव, 'गरगराय लागलंय'चं 'चक्कर येते' करू नकोस. थांबलेल्या जागाही लिही. गेल जेफरसन यांच्या पद्धतीत त्या सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात.

डॉक्टरांबद्दल एक कळकळीची विनंती. ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेवरचा आढावा २०१७ मध्ये आला. स्वीडनमध्ये एका पेशंटला २२ मिनिटांहून जास्त, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे सुमारे दोन मिनिटं. बाहेर रांग लागली असताना लिहिणं आणि ऐकणं एकाच वेळी करणाऱ्या माणसाला तू बघणार आहेस. त्याचा तुकडा आधी त्यालाच दाखव, एकट्याला. 'इथे काय चाललं होतं?' एवढंच विचार आणि गप्प बस. तो तुकडा त्याच्या वरिष्ठांपर्यंत कधीही जाता कामा नये, आणि हे त्याला सुरुवातीलाच लेखी दे. त्याचीही संमती पेशंटइतकीच महत्त्वाची.

संमतीवर मी अडून बसणार आहे. चेहरे धूसर केले तर नजरच जाते, म्हणजे तुझा अभ्यासच जातो. चेहरे ठेवले तर माणूस ओळखू येतो. आपल्या जिल्ह्यात तर गावाचं नाव नि आडनाव कानावर पडलं, की कुणीतरी पाव्हणा निघतोच. म्हणून फाइल मोबाइलवर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. कुलूपबंद डिस्कवर ठेव, आणि ती कोण उघडणार हे आधी ठरव. बाईची संमती बाईकडूनच घे, नवऱ्याच्या मानेच्या हलण्यावरून नको. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार हवाच, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ते आहे. आणि तपासणी झाल्यावर पुन्हा विचार, कारण आत काय बोललं जाईल हे आत जाण्याआधी त्यालाही ठाऊक नसतं. नको म्हणाला, तर त्याच्यासमोर पुसून टाक.

एथिक्स कमिटीकडे अर्ज जाण्याआधी मराठी संमतीपत्र घेऊन माझ्याकडे ये. आपण ते मोठ्याने वाचू. सातवी शिकलेल्या माणसाला पहिल्या वाचनात कळलं नाही, असं एकही वाक्य त्यात ठेवायचं नाही.

तुझा,
सर