कापायच्या आधी विचारा: घरच्या सुतारकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (ठाणे): ऑनलाइन मागवलेलं पार्टिकल बोर्डचं पुस्तकांचं शेल्फ वर्षभरात मधे वाकलं. आता घरीच 18 मिमी प्लायचं बनवायचंय, 4 फूट रुंद, 6 फूट उंच. प्लाय कुठला घेऊ? आणि परत वाकणार नाही ना?

उत्तर: प्लाय नंतर बघू, आधी रुंदीचं बोलू कारण तुमचं शेल्फ वाकलं ते मुख्यतः रुंदीमुळे. आधाराशिवायचं अंतर दुप्पट केलं आणि पुस्तकं त्याच दाटीने भरली तर फळी दुप्पट नाही, 16 पट वाकते. आणि पुस्तकांचं वजन आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं, गच्च भरलेल्या फळीवर फुटाला आठ-दहा किलो सहज जातात. पार्टिकल बोर्ड तर सतत वजनाखाली हळूहळू बसतच जातो आणि पुस्तकं काढली तरी पूर्ण सरळ होत नाही. म्हणजे 4 फूट सलग फळी 18 मिमी प्लायची केली तरी ती कधीतरी झोल देणारच. मधे एक उभी फळी टाका, दोन-दोन फुटांचे कप्पे करा, प्रश्नच मिटतो. मधे आधार नकोच असेल तर फळीच्या पुढच्या कडेला दीड-दोन इंची सागाची पट्टी उभी चिकटवा, त्यानेही खूप फरक पडतो, पण माझं मत विचाराल तर उभी फळीच बरी.

आता कटिंग कागदावर काढा, दुकानात उभं राहून ठरवू नका. शीट 8 बाय 4 म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. 300 मिमी रुंदीच्या चार लांब पट्ट्या निघतात, 305 च्या निघत नाहीत कारण ब्लेड प्रत्येक कापाला साधारण 3 मिमी खातं. तीन पट्ट्यांतून तीन उभ्या फळ्या, प्रत्येकी 1830. उरलेल्या तुकड्यांतून एकेक आडवी फळी निघते. एकूण रुंदी 1200 धरली तर तीन उभ्या फळ्यांची जाडी वजा करून आडवी फळी 573 मिमी येते, चौथ्या पट्टीतून अशा चार, म्हणजे एका शीटमधे सात. तुम्हाला खालची-वरची धरून सहा लेव्हलला बारा लागणार. म्हणजे दीड शीट, आणि एका कप्प्याची उंची साधारण 344 मिमी मिळते, मोठी पुस्तकंही उभी राहतील.

मधल्या उभ्या फळीला दोन्हीकडच्या आडव्या फळ्या एकाच उंचीवर येतात त्यामुळे आरपार स्क्रू मारायला जागा राहत नाही, तिथे खालून एक इंची पट्टीचा आधार द्या. बाहेरच्या बाजूने 40 मिमी स्क्रू चालतील पण आधी बारीक भोक पाडा, नाहीतर प्लायची कड फुटते. मागे 6 मिमी प्लाय मारायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच शेल्फ काटकोनात आहे.

प्लाय म्हणाल तर कोरड्या खोलीत आयएस 303 (साध्या वापराच्या प्लायचं भारतीय मानक) चा चांगला प्लाय पुरतो, आयएस 710 म्हणजे मरीन, ओलाव्यात टिकणारा, तो सिंकखाली वगैरे वापरा, इथे उगाच पैसे घालू नका. आणि शेल्फ भिंतीला एल क्लॅम्पने (एल आकाराच्या धातूच्या पट्टीने) बांधाच. लहान मुलं फळ्यांवर चढतात, भरलेलं शेल्फ अंगावर येणं ही फार गंभीर गोष्ट आहे, यात आळस नको.

प्रश्न (पिंपरी): कंपनीतून पॅकिंगची पॅलेट मिळतात. त्यातून मुलासाठी स्टूल करू का?

उत्तर: आधी शिक्का बघा. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि शेजारी कोड असतो. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशाला 30 मिनिटं तापवलेलं आहे, वापरा. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेला, ते घरात नकोच. शिक्काच नाही किंवा तेलाचे-केमिकलचे डाग आहेत तर मुलाच्या वस्तूला अजिबात घेऊ नका. रंधा मारायच्या आधी खिळे शोधून काढा, एक राहिला तरी पातं गेलं.

प्रश्न (रत्नागिरी): फणसाच्या फळ्या जोडून टीपॉय केला, भोवती 45 अंशात कापलेली चौकट फेविकॉल आणि स्क्रूने पक्की बसवली. मे महिन्यात सुंदर दिसत होता, जुलैत चौकटीचे कोपरे उघडले. फेविकॉल कमी पडला का?

उत्तर: फेविकॉलचा काही दोष नाही हो. लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाहीच, रेषांच्या आडव्या बाजूला, म्हणजे रुंदीत. दीड फूट रुंदीची पाटी (टीपॉयचा वरचा सपाट भाग) उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तीन-चार मिमी सहज वाढते आणि त्या ताकदीपुढे कुठलाही जोड टिकत नाही. तुम्ही चौकटीने तिला चारही बाजूंनी आवळलं, मग तिने कोपरे ढकलले. पॅनेलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवतात, चिकटवत नाहीत, ते याच कारणासाठी. (प्लायला हा त्रास जवळपास नाही कारण त्यात थर एकमेकांना आडवे असतात. म्हणून प्लायच्या टॉपला चौकट चालते, अख्ख्या लाकडाला नाही.)

उपाय असा की चौकट काढून टाका, पाटीच्या कडा तशाच गुळगुळीत करून ठेवा, त्या उघड्या कडाही छान दिसतात. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांतून पाटीला खालून स्क्रू येतात तिथली भोकं गोल न ठेवता पाटीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वॉशर घालून स्क्रू बसवा, म्हणजे पाटी सरकायला मोकळी. तिथे फेविकॉल लावायचा नाही. पॉलिश खालच्या बाजूलाही मारा, फुगणं थांबत नाही पण दोन्हीकडून सारखं होतं म्हणून पाटी पिळत नाही. पॉलिशचं काम मात्र आत्ता पावसात काढू नका, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की मग करा, तोपर्यंत फक्त चौकटीचे स्क्रू सैल करून ठेवा, नाहीतर सुकताना आकसून पाटीच मधून तडकेल.