पोस्टरवरचं देखणं अक्षर पत्रिकेवर का तुटलं?

प्रश्न: मुलीच्या अरंगेत्रमसाठी, म्हणजे तिच्या नृत्याच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी, मी ‘बोदोनी’ या फॉन्टचा जाड टाइप निवडला. पोस्टरवर तिचं इंग्रजी नाव झकास उठून दिसलं. तेच डिझाइन लहान करून मरून पत्रिकेवर पांढऱ्या अक्षरांत छापलं, तर बारीक रेघा जागोजागी गायब! प्रेसवाले म्हणतात, फाइलच तशी आहे. खरं काय? आणि मराठीत असा टाइप मिळतो का?
— एक वाचक, कराड

उत्तर: तुमची पत्रिका भिंगाखाली धरून पाहिली. ‘एन’च्या दोन्ही उभ्या रेघा गेल्यात, मधली तिरकी जाड पट्टी तेवढी उरलीय. ‘एच’ची आडवी रेघ नाहीशी होऊन नुसते दोन खांब उभे आहेत. लेकीचं नाव असं छापून आलं की जिवाला लागतंच.

प्रेसवाल्यांवर रागावू नका. हा टाइप ज्याच्या नावाचा, तो इटलीतल्या पार्म्याचा मुद्रक जामबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) प्रत्येक आकाराची अक्षरं वेगळी कोरायचा. लहान खिळ्यात (छपाईच्या धातूच्या अक्षरात) बारीक रेघ अक्षराच्या मानाने जाड ठेवावी लागे. संगणकावर आपण एकच चित्र ओढून लहान करतो आणि घोटाळा तिथेच होतो. अक्षराचा आकार पॉइंटात मोजतात; ७२ पॉइंटाला अर्धा पॉइंट असलेली रेघ १८ पॉइंटाला पॉइंटाचा आठवा भाग होते, म्हणजे ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. त्यात तुमचं अक्षर रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगात कोऱ्या सोडलेल्या कागदाचं. मरून रंग एकेका शाईच्या तीन-चार प्लेटांनी मिळून बनतो; एक प्लेट मिलिमीटरचा दहावा भाग जरी सरकली, तरी ती पांढरी फट शाईने बुजणारच.

फॉन्ट बदलायची गरज नाही, आकाराप्रमाणे त्याचं रूप बदला. ‘आयटीसी बोदोनी’ १९९४ साली ६, १२ आणि ७२ पॉइंट अशा तीन वेगळ्या रूपांत आला, तो याचसाठी. फुकटात हवा असेल तर ‘बोदोनी मोडा’ घ्या, त्यात ऑप्टिकल साइजची, म्हणजे छापायच्या आकाराप्रमाणे रेघांची जाडी बदलण्याची, सोय आहे. पोस्टरला त्याचा मोठा आकडा ठेवा, पत्रिकेला लहान. रिव्हर्समधली रेघ मी स्वतः अर्ध्या पॉइंटाखाली कधीच जाऊ देत नाही.

मराठीसाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ बघा. जाड-बारीकचा टोकाचा फरक त्यात देवनागरी आणि रोमन दोन्हींत आहे आणि तोही मोफत आहे. मला तो फार आवडतो. बोदोनीतल्या रेघांचं मूळ टोकदार निबात. दाब दिला की रेघ फुगते. आपल्याकडे जाडी ठरते बोरूच्या तिरक्या कापावर, हात वळेल तशी ती बदलते. म्हणून बोदोनीचा ‘उभी रेघ सहसा जाड, आडवी बारीक’ हा नियम देवनागरीवर जसाच्या तसा लादला की अक्षर परकं दिसतं. जाड देवनागरीत आधी बुजतात त्या अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागा. तुमच्या ‘अरंगेत्रम’मधला ‘त्र’ त्यातलाच. दुसऱ्यांदा छापण्याआधी त्याच कागदावर, त्याच आकारात एक प्रूफ मागा आणि पहिल्यांदा तो ‘त्र’ बघा.