जगातील सर्वात लहान ज्वालामुखी कोणता?

मेक्सिकोतील कुएश्कोमाते हा जगातील सर्वात लहान ज्वालामुखी असल्याचे आपल्या वाचनात आले आणि ते खरे आहे का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात भूगोल शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गातून येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुएश्कोमाते पुएब्ला शहरात भर वस्तीत उभा आहे. त्याची उंची सुमारे १३ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार मजली इमारतीएवढी असून, वरच्या तोंडातून गोल जिन्याने आत उतरता येते. १६६४ साली पोपोकातेपेत्ल हा मोठा ज्वालामुखी जागा झाला त्या वेळी हा शंकू तयार झाला, असे सांगतात. मात्र यातून शिलारस कधी बाहेर पडलेलाच नाही. जमिनीखालून उसळणाऱ्या गरम पाण्याबरोबर आलेले क्षार तोंडाभोवती थरावर थर साचत गेले आणि त्यांचा हा ढीग झाला. थोडक्यात, तो विझलेला उष्णोदकाचा फवारा आहे. त्याला ज्वालामुखी म्हणणे मला पटत नाही.

दुसरे नाव नेहमी येते ते फिलिपिन्समधील ताल या ज्वालामुखीचे. तो ३११ मीटर उंच आहे आणि ‘सर्वात लहान जागृत ज्वालामुखी’ म्हणून पर्यटकांना दाखवला जातो. येथे फसगत उलट्या बाजूने होते, कारण तालचे जे बेट आपल्याला दिसते ते ज्या तळ्यात आहे, ते तळेच मुळी प्राचीन महास्फोटांनंतर जमीन खचून झालेल्या, वीस किलोमीटरहून अधिक रुंद विवरात साठलेले आहे. १९११ च्या उद्रेकात तेथे तेराशेहून अधिक माणसे दगावली आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच्या राखेमुळे मनिलाचा विमानतळ बंद ठेवावा लागला. आपल्या अंदमानातील बॅरन बेटाचेही तसेच आहे: समुद्रावर जेमतेम साडेतीनशे मीटर डोके दिसते, पण पायथा दोन हजार मीटरहून खोल पाण्यात आहे.

खऱ्या शिलारसाचा सर्वात छोटा उद्रेक कोणता, असे विचाराल तर मी आइसलँडमधील क्राफ्ला ज्वालामुखीजवळच्या एका बोअरचे नाव घेईन. जमिनीतील वाफ मिळवण्यासाठी तेथे हजार मीटरहून खोल बोअर मारलेले होते. ८ सप्टेंबर १९७७ रोजी क्राफ्लाखालचा शिलारस भेगांमधून आडवा सरकत त्या बोअरला जाऊन मिळाला आणि काही मिनिटांत सुमारे तीन टन तप्त खडक नळातून वर उडाला. आमच्याकडे बोअर मारले की पाणी लागेल की नुसता धुरळा उडेल, याची धास्ती असते. तेथे थेट शिलारस लागला! ढीग असा काही उरला नाही, पण खालून वर येण्याची वाट आणि वर आलेला शिलारस या दोन्ही गोष्टी तेथे होत्या, आणि ज्वालामुखी ठरण्यास माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

यावर विद्यार्थी हटकून विचारतात की, लांबून शंकूसारखा दिसणारा जोतिबाचा डोंगर हाही विझलेला लहान ज्वालामुखी आहे का. तसे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्याचे थर एकावर एक पसरत गेले. जोतिबा आणि पन्हाळा हे त्या थरांची झीज होऊन मागे राहिलेले तुकडे आहेत. गगनबावड्याहून घाट उतरताना कड्यांवर काळ्या कातळाचे आडवे थर आणि काही ठिकाणी त्यांच्यामध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत, मधल्या काळात तयार झालेली जमीन होय.