वाचकांचे प्रश्न : चित्रपटकर्त्यांशी बोलताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या फिल्म क्लबमध्ये चित्रपट दाखवून झाल्यावर दिग्दर्शकांशी गप्पांचा कार्यक्रम होतो. मागच्या वेळी "या विषयाकडे कसे वळलात?", "प्रेरणा कोठून मिळाली?" असे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरेही तशीच ऐकीव मिळाली. विद्यार्थ्यांनी नेमके काय विचारावे? (एक प्राध्यापिका, सातारा)

उत्तर : प्रेरणेविषयी विचारले, की दिग्दर्शक प्रत्येक गावी दिलेले उत्तर पुन्हा देतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. चित्रपट करताना त्याने प्रेरणेचा विचार क्वचितच केलेला असतो. कॅमेरा कोठे ठेवायचा, शॉट किती वेळ चालू द्यायचा, पात्राला दारातून आत आणायचे की आधीच खोलीत बसवायचे, असे शेकडो निर्णय त्याने घेतलेले असतात, आणि त्यांविषयी त्याला कोणी सहसा विचारत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक प्रश्न एखाद्या दृश्याला बांधलेला असावा.

याचा उत्तम दाखला १९६२ सालचा आहे. तेव्हा जेमतेम तिशीत असलेले फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो हे आल्फ्रेड हिचकॉक यांना भेटायला हॉलिवूडला गेले आणि ऑगस्ट महिन्यात कित्येक दिवस त्या दोघांचे संभाषण ध्वनिमुद्रित होत राहिले. त्रूफोंना इंग्रजी बेताचेच येत असल्यामुळे हेलन स्कॉट या दुभाषी म्हणून सतत सोबत होत्या. हिचकॉक म्हणजे केवळ करमणूक करणारा कारागीर, अशी अमेरिकेत बऱ्याच समीक्षकांची समजूत होती. ती खोडून काढण्यासाठी त्रूफोंनी त्यांचे चित्रपट पुन्हा पाहून, एकेक चित्रपट क्रमाने घेत प्रश्न विचारले. १९४१ च्या 'सस्पिशन' या चित्रपटात नवरा दुधाचा पेला घेऊन जिना चढतो आणि त्या दुधात विष असावे अशी शंका प्रेक्षकांना येते. त्या दृश्याचा विषय हिचकॉक यांनी आपणहून काढला आणि दुधात दिवा ठेवला होता असे सांगितले. पेल्यावर प्रकाशझोत टाकला होता का, असे त्रूफोंनी लगेच विचारले, तेव्हा खुलासा झाला : दिवा थेट पेल्याच्या आत होता, कारण प्रेक्षकाची नजर त्या पेल्यावरून हलू नये असे त्यांना वाटत होते. त्रूफोंनी दृश्य बारकाईने पाहिलेले नसते, किंवा "वा, छान" म्हणून ते पुढे गेले असते, तर हा तपशील अर्धवटच राहिला असता. ठरवून आणलेल्या प्रश्नाइतकाच हा तत्क्षणी सुचलेला उपप्रश्न मोलाचा असतो. विद्यार्थ्यांनी वहीतल्या यादीत डोके घालून बसू नये, असे मी त्यासाठीच म्हणतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) विद्यार्थ्यांना दाखवून पाहा. सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो, त्या खटल्याचा हा चित्रपट. अखेरीस न्यायालयाला सुट्टी लागते, माणसे उठून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळोखा होतो. चित्रपट संपला असे वाटत असतानाच पुढचे दृश्य येते : तेच न्यायाधीश कुटुंबीय आणि स्नेह्यांबरोबर सहलीला गेलेले आहेत, आणि डुलकी मोडणाऱ्या मुलांपैकी एकाच्या ते थोबाडीत मारतात. "काळोखावर चित्रपट का संपवला नाही? तो काळोख इतका वेळ का राहू दिला? सहलीचे दृश्य पटकथेत पहिल्यापासून होते, की संकलनाच्या वेळी त्याची जागा ठरली?" असे प्रश्न दिग्दर्शकाला विचारता येतील. चित्रपटाच्या न्यायविषयक भूमिकेवरची चर्चा या प्रश्नांतून आपोआप उभी राहील, "तुम्हाला काय सांगायचे आहे?" असे वेगळे विचारावे लागणार नाही.

प्रश्न : अभिनेत्यांच्या मुलाखतींत "मी ती भूमिका जगलो" यापलीकडे काही हाती लागत नाही. अभिनयाच्या प्रक्रियेविषयी खरोखर बोलता येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बोलता येते, पण दिग्दर्शनाविषयी बोलण्यापेक्षा ते अवघड असते. दिग्दर्शकाला आपला निर्णय पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतो. नटाचे साधन म्हणजे त्याचेच शरीर आणि आवाज, आणि त्यांच्याकडे बाहेरून पाहणे त्याला सहज जमत नाही. त्यामुळे भावनेविषयी न विचारता कामाविषयी विचारावे. तालमी किती झाल्या, शेवटचे दृश्य आधी चित्रित झाले असेल तर मधला चढउतार मनात कसा राखला, आवाज चित्रीकरणाच्या वेळचाच आहे की नंतर डबिंग केले, संवाद नसताना हातांना कोणते काम दिले होते, हे प्रश्न साधे वाटतात, पण नट त्यांवर मनापासून बोलतात असा माझा अनुभव आहे.

'कोर्ट'मध्येच वीरा साथीदार या कार्यकर्त्याने लोकशाहीर नारायण कांबळे साकारला, तर सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या अभिनेत्री आहेत. अनेक शॉटमध्ये कॅमेरा एका जागी स्थिर असतो आणि दूर असतो, म्हणजे चेहऱ्याच्या बारीक हालचालींचा आधार नटाला फारसा नसतो. प्रशिक्षित नटाने अशा वेळी आपल्या शिक्षणातले काय बाजूला ठेवायचे? सरकारी वकील दिवसभराचे काम आटोपून घरी स्वयंपाक करते, त्या दृश्यात अभिनय नेमका कोठे सुरू होतो? मला स्वतःला हे फार ऐकावेसे वाटते.

प्रश्न : ध्वनिमुद्रित मुलाखत छापताना भाषा किती सुधारावी? (एक नवोदित पत्रकार, पुणे)

उत्तर : कमीत कमी. पुनरुक्ती काढावी, अडखळणे काढावे, पण बोलणाऱ्याची वाक्याची ठेवण मोडू नये. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाचे शब्दांकन पत्रकार अरुण साधू यांनी केले, आणि आजही ते वाचताना समोर बसून कोणी बोलत आहे असे वाटते. आपल्या व्यवसायाविषयी, घराविषयी आणि स्वतःच्या चुकलेल्या निर्णयांविषयी त्या ज्या मोकळेपणाने सांगतात, तो मोकळेपणा पुस्तकी मराठीत टिकला नसता. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या चित्रपटाला याच आत्मकथनाचा आधार होता, आणि त्यातील भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मसुदा छापण्यापूर्वी मुलाखत देणाऱ्याला जरूर दाखवा, मात्र तो नावे, साले आणि तथ्ये तपासून घेण्यासाठी दाखवा. बोलून गेलेले धारदार वाक्य नंतर गुळगुळीत करून द्यावे, अशी विनंती आली तर त्याच विषयावर आणखी एकदा बोलायला बसावे. बहुतेकदा दुसऱ्या बैठकीत पहिल्यापेक्षा चांगले वाक्य मिळते.

प्रश्न : पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या चित्रीकरणाविषयी कलावंत जे सांगतात, त्यावर कितपत विसंबावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : भावना जशीच्या तशी घ्यावी, घटना पडताळून घ्यावी. वारंवार सांगितलेला किस्सा हळूहळू घोटीव होत जातो आणि सांगणाऱ्यालाही त्यातले मूळ आणि भर वेगळे काढता येत नाही. शक्य असेल तेथे त्याच दृश्याविषयी छायालेखकाला आणि संकलकालाही विचारावे, पटकथेचा जुना खर्डा मिळाला तर पाहावा. दोघांची हकिगत जुळली नाही, तर कोणाची खरी याचा निवाडा न करता दोन्ही हकिगती ज्याच्या-त्याच्या नावासह शेजारी शेजारी छापाव्यात.