वापरलेली फायबरची होडी घेताना

वापरलेली फायबरची होडी घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती पाण्यात तरंगताना नव्हे, तर किनाऱ्यावर ओढलेली असताना पाहावी. महाराष्ट्रात साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हा मालकाला आच्छादन काढायला सांगून तळ निवांत तपासता येतो.

सर्वांत आधी आउटबोर्ड इंजिन टांगतात ती मागची फळी पाहा. फायबरच्या थरांमध्ये बहुधा प्लायवूड असते, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी मुरले की ते आतून कुजते, वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. लाकडी हातोडीने हलके ठोकत जावे; टणक आवाज मध्येच बद्द झाला, किंवा इंजिन वरखाली हलवल्यावर फळी लवली, तर सौदा सोडून द्यावा. तळावरील केसाएवढ्या बारीक भेगा बुजवता येतात, पण नव्या रंगाचा एखादाच पट्टा दिसल्यास त्याखाली काय झाकले आहे, हे अवश्य विचारावे. (उत्तर सहसा ‘काही नाही’ असेच मिळते.)

खाडीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यावरून ये-जा असेल, तर कमी पाण्यात चालणारी होडी बरी. नोंदणीची कागदपत्रे विक्रेत्याच्याच नावावर असल्याखेरीज विसार देऊ नये.